बागेतली तालीम आणि लाल गाडीची पायरी

गुऱ्हाळं पेटली की माझे गुडघे जागे होतात. दिवाळीच्या डब्यांच्या तळाशी फक्त चकलीचा चुरा उरलेला असतो, स्वेटरं उन्हात पडलेली असतात, आणि एखाद्या सकाळी दार उघडावं तर गडमुडशिंगीच्या बाजूनं वाऱ्यावर काकवीचा वास येतो. गोड, जरासा करपट, घशात रेंगाळणारा. त्या वासानं चार लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझा उजवा गुडघा ठणकायला लागतो. वास नाकानं घ्यायचा आणि कळ गुडघ्यानं काढायची, अशी कामाची वाटणी माझ्या शरीरानं मला न विचारता करून टाकली आहे.

आज सकाळी तेच झालं. उसानं गच्च भरलेल्या दोन ट्रॉल्या कॉलनीसमोरून डुलत गेल्या, त्यांच्या मागं टेपवरचं गाणं फरफटत गेलं, आणि मी चहाचा कप हातात धरून फाटकात उभी राहिले ती राहिलेच. समोर बाग. बागेतल्या व्यायामाच्या मशिनींचा पिवळा रंग आता पुष्कळसा उडालाय, एकीचं बसायचं फळकूट कुणीतरी केव्हाच नेलंय. पण मला दिसत होता तो चार-पाच वर्षांमागचा हिवाळा. नक्की साल विचारू नका. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत पोरांकडून सनावळ्या घोकून घेतल्या, त्याचा सूड म्हणून आता एकही सन माझ्याजवळ थांबत नाही.

त्या हिवाळ्याच्या तोंडाला एक टेम्पो आला. आमची बाग म्हणजे फार काही नव्हे. दोन सिमेंटचे बाक, कधीच न उडालेलं एक कारंजं आणि कण्हेरीची रांग. टेम्पोतून निळ्या-पिवळ्या लोखंडी मशिनी उतरल्या, चार माणसांनी त्या सिमेंटमध्ये रोवल्या, एक पाटी ठोकली आणि ती निघून गेली. वापरायच्या कशा हे सांगायला कुणी थांबलं नाही. पाटीवर एका गड्याचं चित्र होतं. त्याला नाक-डोळे नव्हते, नुसते दंड आणि मांड्या होत्या, आणि अंगभर तांबडे बाण. त्याला गुडघेही होते, पण ते दुखत असल्याचं कुठं दिसत नव्हतं.

पहिला आठवडा मशिनींवर चादरी वाळल्या. मग हळूहळू नावं पडली, कारण आमच्याकडं नाव पडल्याशिवाय वस्तू आपली होत नाही. दोन हातांनी दोन चाकं फिरवायची, ते जातं. गोल थाळीवर उभं राहून कमरेत वळायचं, ती फुगडी. आणि दोन लोंबत्या पायऱ्यांवर उभं राहून, जमिनीला पाय न लावता हवेतल्या हवेत चालायचं, ते भूत. जमिनीला पाय न लावता भूतच चालतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. ‘आज भुतावर कोण हाय?’ हे वाक्य पुढं आमच्यात इतकं रुळलं की एका नव्या भाडेकरूनं ते ऐकलं आणि दोन दिवस बायकोला बागेकडं फिरकू दिलं नाही.

पण नाव ठेवणं वेगळं आणि वर चढणं वेगळं. चढेना कुणीच. त्याला कारण आमचं गाव. इथं पेठापेठांतून तालमी. ज्यानं तांबड्या मातीत अंग घोळवलंय त्याला, आणि ज्यानं फक्त कडेला बसून शेंगा खाल्ल्यात त्यालाही, एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वस्ताद म्हणेल तेव्हा, आणि वस्ताद म्हणेल तेवढंच. गुरूशिवाय कोल्हापूरचा माणूस एखादवेळ मोक्षाला जाईल, पण वस्तादाशिवाय एक बैठक मारणार नाही. इथं सात मशिनी होत्या आणि शिकवणारा कुणी नव्हता. मग बाकावर सभा भरली, आणि सगळ्यांच्या माना रांगेतल्या शेवटच्या घराकडं वळल्या.

शेवटच्या घरात आप्पा राहतात. तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास असतील. तरुणपणी गावोगावच्या जत्रांतून कुस्त्या मारलेले, दोन्ही कान मोडून भज्यासारखे झालेले. आवाज असा की त्यांनी घरात चहा मागितला तर आमच्याकडं आधण चढतं. आम्ही सात-आठ जण त्यांच्या पायरीवर जाऊन उभे राहिलो. आप्पांनी मिशीवरून हात फिरवला.

“लोखंडाची तालीम? माती न्हाय, मारुती न्हाय, आन् मला वस्ताद व्हा म्हंतासा?”

“मारुतीची तसबीर लावू की,” कुणीतरी म्हणालं.

“आन् ह्या?” त्यांनी माझ्याकडं आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पद्मावैनींकडं बोट केलं. “बायका कवा तालमीत येत्यात व्हय?”

पद्मावैनी म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची शेजारीण. जैन घर, तीन पिढ्यांचं किराणा दुकान. दुकान आता मुलं बघतात आणि वैनी आम्हा सगळ्यांना बघतात. त्या पदर खोचून एक पाऊल पुढं आल्या.

“आप्पा, तालीम तुमची, बाग आमची. तुमची तालीम आमच्या बागंत येणार हाय. आता कोण कुणाकडं आलंय, तुम्हीच सांगा की.”

आप्पांनी मोडक्या कानाची पाळी चोळली. मग म्हणाले, “सकाळी सहाला. उशीर केला तर परत धाडीन.”

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. मारुतीची तसबीर सुतळीनं जात्याच्या खांबाला बांधली गेली. आप्पांनी नियम सांगितले. चपला बाहेर काढायच्या. मशिनीला हात लावून तो कपाळाला लावायचा, मगच चढायचं. व्यायाम करताना बोलायचं नाही. मातीतल्या तालमीला हे सगळं शोभतं. पण मार्गशीर्षातल्या सकाळी सहाला, रात्रभर दवात भिजलेल्या लोखंडी पायरीवर अनवाणी पाय ठेवून बघा. कळ टाळूपर्यंत जाते. पाटीवरच्या गड्याच्या पायात बूट होते, हे आम्हाला दिसत होतं. पण पाटीला काय कळतंय, असं म्हणून आम्ही चपलांची रांग लावत होतो. पंधरा दिवसांत सगळी कॉलनी शिंकायला लागली, आणि शिंकत शिंकत कपाळाला हात लावून भुतावर चढत राहिली.

मग एका सकाळी पद्मावैनी पायमोजे घालून आल्या. लोकरीचे, टाचेला रफू केलेले. आप्पांनी काठी आडवी घातली.

“ह्ये काय?”

“मोजं.”

“पायताण चालत न्हाय म्हटलंय न्हवं?”

“पायताण कुठलं? पायाचं स्वेटर हाय हे.”

आप्पांनी आपल्या अंगातल्या स्वेटराकडं बघितलं. हात कानटोपीकडं गेला. “स्वेटर चालतंय,” असा निवाडा झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून बागेत सगळ्यांच्या पायात मोजे. त्यावरून आम्ही घसरायला लागलो, ते वेगळं.

वैनींचा स्वतःचाही एक नियम होता. पायरीवर मुंगी दिसली की हलकी फुंकर घालायची आणि ती उतरून जाईपर्यंत थांबायचं. एकदा जात्याच्या चाकात कोळ्यानं जाळं विणलं, तर दोन दिवस जातं बंद. तिसऱ्या दिवशी कोळी आपणहून निघून गेला आणि वैनी जात्याला भिडल्या. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते खरं आहे. बोलायला बंदी होती, म्हणून वैनी कॉलनीतल्या बातम्या गाऊन सांगायच्या.

“कोपऱ्याच्या घरी गऽ बाई, काल आलं पावणं,
पोह्यांत न्हवतं मीठ, कसं जमंल ठरवणं!”

गाण्याला बंदी नव्हती. आप्पा काठीनं ताल धरायचे आणि कान टवकारून पुढची ओळ ऐकायचे.

हे सगळं आठवलं की आजही फाटकात एकटीच हसू येतं. पण मी तिथं जात होते ती वेगळ्याच कामासाठी, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला लाल एस.टी.ची पहिली पायरी चढायची होती.

तरुण माणसाला ती पायरी दिसतसुद्धा नाही. मलाही सहा दशकं दिसली नव्हती. त्या हिवाळ्याच्या दोन वर्षं आधी एकदा मी मलकापूरच्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि तो तिथंच राहिला. अंग वर जाईना. मागं माणसं खोळंबली. शेवटी कुणीतरी खालून लोटलं, कुणीतरी वरून दंड धरून ओढलं, आणि पोतं चढवावं तसं मला आत घेतलं. वाईट कुणीच वागलं नाही. एकानं उठून जागाही दिली. तरी वाटेतलं बांबवडे येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघितलं नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि कशाची वाटत होती तेही सांगता येत नव्हतं. त्यानंतर मी एकटी एस.टी.ला गेले नाही.

मलकापूरला माझी आक्का. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मी चौथीत असताना आमची आई गेली. आक्काचं लग्न नुकतंच झालेलं. तिनं सासरी काय सांगितलं, कसं सांगितलं देव जाणे, पण ती येऊन मला हाताला धरून मलकापूरला घेऊन गेली. तिचं सासर तेच माझं माहेर. तिथंच वाढले, तिथंच शाळा शिकले. आता आक्का घराबाहेर फारशी पडत नाही. दर रविवारी फोन करते. आधी विचारायची, “कवा येतीस?” मी म्हणायची, येते की. त्या हिवाळ्यात कधीतरी तिचा प्रश्न बदलला. ती विचारायला लागली, “येतीस न्हवं?” पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा फोन ठेवून मी ओट्याशी उभी राहिले. माझ्या येण्याबद्दल तिला शंका येऊ लागली होती.

माझ्या मुलाकडं, अभिजितकडं, गाडी आहे. पोरगा वाईट नाही. ‘पुढच्या रविवारी नक्की’ असं तो मनापासून म्हणतो, आणि पुढचा रविवार आला की त्यालाही तितकंच मनापासून वाईट वाटतं. एकदा नेलंही. अकराला पोचलो, दोनला निघालो. गाडीनं गेलं की माणूस पेशंट बघायला गेल्यासारखा जातो. खुर्चीत बसतो, चहा पितो, घड्याळ बघतो. मला चार दिवस, आठ दिवस राहायचं होतं. आक्काच्या चुलीपाशी बसून काहीही न बोलता शेंगा सोलायच्या होत्या.

म्हातारपणी माणूस वाकतो म्हणतात. मला वाटतं, माणूस असतो तेवढाच असतो, बाकीचं सगळं उंच होत जातं. काल हाताला येणारी मेतकुटाची बरणी आज वरच्या फळीवर जाऊन बसते. मोरीचा उंबरा चढतो, रिक्षाचा पत्रा चढतो. अंगणातली तुळससुद्धा चांगली दोन बोटं वर गेल्यासारखी वाटते. घरात कुणाला विचारावं तर म्हणतात, काही हलवलेलं नाही. मी ते ऐकून घेते आणि स्टूल शोधायला जाते.

पौषातल्या एका सकाळी मी जरा लवकरच बागेत गेले. धुकं होतं. कारंज्यापलीकडून हलक्या आवाजात हाक आली, “बाई... ओ बाई...” आप्पांना कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं. पुढं होऊन बघते तर वस्ताद भुतावर. एक पाय पुढं, एक पाय मागं, दोन्ही हातांत दांडी, कानटोपी डोळ्यांवर. पाय फाकलेले ते जवळ येईनात.

महिनाभर बाकावर बसून “बाई, पाठ सरळ! वैनी, दम सोडा!” करणारे आप्पा स्वतः कधी एकाही मशिनीवर चढले नव्हते. वस्ताद कशाला चढेल, असंच आम्ही धरून चाललो होतो.

“कवापासनं?” मी विचारलं.

“दूधवाला गेल्यापासनं.”

“मग त्याला हाक मारायची की!”

“त्येच्या बाला मी कुस्तीत पाडलंय, बाई. त्याला हाक मारू?”

मी भूत घट्ट धरलं आणि पहिलीच्या पोराला झोपाळ्यावरून उतरवावं तसं त्यांना एकेक पाय करून खाली घेतलं. आप्पा बाकावर बसले.

“कमरंत काय ऱ्हायलं न्हाय,” ते म्हणाले. “खाली बसलो तर उठता येत न्हाय. चार वर्सं झाली, घरात बी कुणाला ठावं न्हाय. तुमास्नी शिकिवताना वाटाय लागलं, हाय अजून आपल्यात. म्हून बघितलं चढून.”

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतही काहीतरी आलं होतं. त्यांनी आपलं झाकलेलं उघडं केलं, मग मी माझं दाबून ठेवणं बरं दिसलं नसतं. मी त्यांना पायरीचं सांगितलं, पोत्याचं सांगितलं, आक्काचं सांगितलं. आप्पा ऐकत होते तसे बाकावर सरळ होत गेले. मग उठले आणि म्हणाले, “जोड बघाय पायजे.”

जोड म्हणजे समोरचा पैलवान. त्याच दिवशी आप्पा स्टँडवर गेले आणि एका उभ्या लाल गाडीच्या पायरीला काठी लावून खिळ्यानं खूण करून आले. कुणीतरी हटकलं, आजोबा काय करालाय? तर म्हणाले, कुस्ती ठरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी माझ्याजवळ उभी केली. खूण बरोबर माझ्या गुडघ्याला आली.

मग सगळ्या मशिनी पालथ्या घालून झाल्या. तेवढी पायरी एकीलाही नव्हती. शेवटी कोपऱ्यावरच्या बांधकामावरून विटा मागून आणल्या आणि भुताच्या शेजारी रचल्या. हत्तीएवढं मशीन फक्त हाताला धरायला, आणि व्यायाम विटांवर. पहिल्या आठवड्यात दोन थर, मग तीन. खुणेपर्यंत जायला पाच लागणार होते.

“विठोबानं एका विटंत भागवलं,” वैनी म्हणाल्या, “आन् बाईंना पाच थर पायजेत.”

तिसऱ्या थरावर गाडी अडली. पाय वर ठेवायची, जोर लावायची, आणि मांडी थरथरून परत खाली यायची. चार दिवस तेच. घरी गुडघ्याला तेल चोळताना मी मनातल्या मनात आक्काला सांगून टाकलं, नाही जमत गं. पाचव्या दिवशी आप्पा बाकावरून उठून माझ्यासमोर उकिडवे बसायला गेले, मग आठवण होऊन तसेच वाकून उभे राहिले, आणि माझ्या पायांकडं बघत म्हणाले, “बाई, दुखणारा पाय कुठला?”

“उजवा.”

“मग म्होरं कुठला टाकताय?”

“उजवा.”

“का?”

का म्हणजे? शुभकार्याला निघताना माणूस कुठला पाय टाकतो? उजव्या पायानं माप ओलांडून घरात आले, शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकातून उजवा पाय आत टाकला, आमच्या ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हाही उजवाच. आक्काकडं जायचं आणि डावा पाय पुढं? माझ्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. दोन वर्षं मी मोडक्या पायाला पुढं करत होते आणि पायरीला शिव्या देत होते.

“पैलवान चुकीच्या पायावर हुबा हाय आन् आमी खुराक वाढवालोय,” आप्पा म्हणाले. “चांगला म्होरं. दुखरा मागनं येतोय गुमान.”

मी कबूल होईना. शेवटी तोड वैनींनीच काढली. “घरातनं निघताना उजवा टाका, बाई. तिथं शुभ झालं की संपलं. गाडीला डावा लावा. देव काय स्टँडवर पाय मोजत उभा ऱ्हात न्हाय.”

त्या सकाळी मी डावा पाय विटांवर ठेवला, भुताची दांडी धरली, आणि तिसऱ्या थरावर उभी राहिले. एवढी वर आल्यावर कण्हेरीच्या वरून रस्ता दिसला, त्यावरून जाणारी ट्रॉली दिसली. मी खाली उतरायचंच विसरले. संक्रांतीचा तिळगूळ आम्ही चौथ्या थरावर वाटला, आणि माघ लागता लागता पाचवा थर झाला.

जायच्या आदल्या दिवशी अभिजितचं आणि माझं वाजलं. “हट्ट आहे आई हा. पडलीस तर?” तो म्हणाला. “पडलीस तर यापुढं तुला एकटीला फाटकाबाहेर सोडणार नाही, सांगून ठेवतो.” तो रागानं बोलला, पण बोलता बोलता माझ्या पिशवीचे बंद ओढून बघत होता. मला माहीत होतं की तो म्हणतो तसं करेल, आणि मलाही मग त्याला नाही म्हणता येणार नाही.

सकाळी उजवा पाय टाकून घरातून निघाले. स्टँडवर अर्धी तालीम आधीच हजर. आप्पांनी फेटा बांधला होता. वैनींनी डब्यात दशम्या दिल्या होत्या. थोड्या वेळानं ‘मलकापूर, मलकापूर’ करत गाडी लागली. बघते तर नवी कोरी, गुळगुळीत, आणि पायरी जमिनीपासून जेमतेम चार बोटं. माझा जीव भांड्यात पडला. पिशवी उचलून मी पुढं झाले, तर आप्पांची काठी आडवी आली.

“थांबा. ह्यो आपला जोड न्हवं.”

“आप्पा, मलकापूरलाच जाते की ती!”

“जाऊ दे की. बारक्या पोरासंगं कुस्ती खेळाय आलोय व्हय आपण?”

कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. “आजी, येणार हाय का न्हाय?”

“न्हाय,” वैनी म्हणाल्या. “आम्हाला उंच गाडी पायजे.”

त्यानं आमच्याकडं एकदा नीट बघितलं, काही विचारलं नाही, आणि घंटी दिली. गाडी गेली. मी अशी संतापले होते की आप्पांशी बोलायचंच नाही असं ठरवून बाकावर बसले. जरा वेळानं ते शेजारी येऊन हळूच म्हणाले, “बाई, तिकडनं येताना कुठली गाडी मिळंल, कुणाला ठावं? तवा आमी न्हाय तिथं.” मग मी डब्यातली एक दशमी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

तासाभरानं लाल गाडी आली. धुळीनं माखलेली, खडखडणारी, पायरी तीच. माणसं धावली, खिडक्यांतून रुमाल पडले. आप्पांनी दारात काठी रोवली आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, “कडंला सरा! पयलं बाई!” गार दांडी मी हातात धरली. डावा पाय वर ठेवला. खालून आप्पा ओरडले, “जिमीन सोडा, बाई!” आणि मी जमीन सोडली.

वर आल्यावर क्षणभर काही ऐकूच आलं नाही. मग आप्पांची आरोळी आली, “निकाली!” कुस्ती साफ जिंकली की मारतात तशी. वैनी टाळ्या वाजवत होत्या, डोळे पुसत होत्या. कंडक्टर म्हणाला, “आजी, पयल्यांदा बसालाय काय एस.टी.त?” मी खिडकीजवळची जागा धरली आणि मलकापूर येईपर्यंत एकही झाड, एकही पाटी सोडली नाही. सगळं बघितलं.

“कुणाबरं आलीस?” आक्कानं दारातच विचारलं.

“एकटी आले.”

“खोटं.” ती माझ्या मागं रस्त्यावर गाडी शोधत होती.

आठ दिवस राहिले. आक्का फार बारीक झाली होती. नवीन तांदळाच्या भाताची वाफ तिच्या स्वयंपाकघरात अजून तशीच दाटते, आणि तिच्या मागल्या दारी उन्हाचा तोच चौकोन येतो. त्या चौकोनात बसून आम्ही शेंगा सोलल्या, ऊन सरकेल तशा सरकत गेलो. माझ्या पांढऱ्या केसांना तेल लावून तिनं वेणी घातली आणि म्हणाली, केस चांगले हायत, जप. बागेचं, भुताचं, विटांचं सगळं मी तिला सांगणार होते. पण सांगायला गेलं की त्यात मी दोन वर्षं राहायला का आले नाही तेही सांगावं लागलं असतं. म्हणून राहून गेलं.

निघायच्या दिवशी आक्का हट्टानं स्टँडवर आली. कित्येक महिन्यांत ती गल्लीच्या पुढं गेली नव्हती. एका हातात काठी, एका हातात माझं मनगट. दुकानादुकानाशी थांबून सांगत होती, “माजी भन. कोल्लापूरची. मास्तरीण हाय.” वाटेत दोनदा दम खायला बसली. आणि गाडी आली ती लालच आली.

पिशवी वर ठेवली, दांडी धरली, डावा पाय पायरीवर ठेवला. आता एक दम घ्यायचा आणि जमीन सोडायची. तेवढ्यात मागून आवाज आला, “थांब. ढकलते.”

मी अठरा वर्षांची असताना शिक्षिकेचा कोर्स करायला कोल्हापूरला राहिले, तेव्हा दर सुट्टीनंतर आक्का मला याच स्टँडवर सोडायला यायची. मला रडू यायचं, पाय उचलायचा नाही. मग ती पाठीवर हात ठेवून मला आत ढकलायची आणि वळून न बघता चालायला लागायची. तो हात आता माझ्या पाठीवर आला. हाडं लागत होती. त्या हाताला वजनच नव्हतं. एक चादर ढकलायचंही बळ त्यात उरलं नव्हतं, हे मला पदरातून कळलं.

पाच थर चढले होते मी. एका दमात वर गेले असते.

“ढकल, आक्का,” मी म्हणाले. “मला जमत न्हाय बघ.”

तिनं काठी बगलेत धरली, दुसराही हात लावला आणि ढकललं. मी तिच्या हाताच्या वेगानंच, अगदी सावकाश वर गेले. मागं खोळंबलेल्यांपैकी कुणीतरी मदतीला पुढं झालं, त्याला मी डोळ्यांनीच दटावलं. आत जाऊन वळून बघितलं तर आक्का धापा टाकत होती, घामानं कुंकू ओघळलं होतं, आणि तोंडावर असं काही होतं की मी ते किती वर्षांत बघितलं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ती माझ्याकडं हात करून सांगत होती, “पयल्यापास्नं असंच हाय हिचं. म्या ढकलल्याबिगार हिला कवा गाडीत चढता आलं न्हाय.” गाडी सुटली तेव्हा तेच ती तिसऱ्या माणसाला सांगत होती.